गोदाकाठची जागा: निळी रेषा, लाल रेषा आणि जोत्याची पातळी

गोदाकाठ

नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी गंगापूर रोड, आनंदवल्ली, मखमलाबाद, तपोवन, टाकळी, दसक-पंचक या पट्ट्यात जागा बघणारा प्रत्येक जण विचारतो, "पूररेषेत आहे का?" विकणारा "नाही हो" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. आयुष्याची कमाई एवढ्या उत्तरावर लावू नये, म्हणून हा धागा काढला आहे. जाणकारांनी भर घालावी.

आधी दोन रेषा समजून घेऊ. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या प्रस्थापित वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा, त्याचं पाणी जिथवर चढेल ती निळी रेषा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धरणाखालच्या नदीत मात्र लाल रेषेसाठी सांडव्याचा संकल्पित महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या पाणलोटातून येणारं पाणी यांची बेरीज धरतात. आपली गोदावरी गंगापूर धरणाखालची असल्यामुळे हा मुद्दा इथे थेट लागू होतो. जलसंपदा विभागाचं मूळ परिपत्रक १९८९ चं आहे. नाशिककरांना या रेषांची खरी ओळख झाली ती सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर.

दोन्ही काठांच्या निळ्या रेषांमधला भाग निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, उघडा भाजीबाजार असे वापर चालतात, नवी इमारत चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकाम मिळतं, पण जोतं लाल पूरपातळीच्या वर किमान ०.४५ मीटर हवं. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे आपण ज्याला यूडीसीपीआर म्हणतो त्यात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

लाल रेषेच्या आतला प्रत्येक प्लॉट टाकाऊ नसतो आणि बाहेरचा प्रत्येक प्लॉट कोरडा राहील याची हमी नसते. म्हणून "रेषेत आहे का" एवढ्यावर थांबू नका. "या जागी लाल पातळी किती मीटर, आणि माझं जोतं किती मीटर" हे दोन आकडे कागदावर मागा.

---

नकाशावाला

धागा चांगला काढलात. हे दोन आकडे मिळवायचे कसे, ते लिहितो.

१. झोन दाखला आणि भाग नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागातून घ्या. विकास आराखड्यावर पूररेषा दाखवलेली असते, पण त्या प्रमाणावर पेन्सिलीच्या रेघेची जाडीसुद्धा जमिनीवर काही मीटर भरते. प्लॉट रेषेच्या आसपास असेल तर नकाशावर बोट ठेवून निर्णय करू नका.

२. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर पूररेषा सापडेल या भ्रमात राहू नका. सातबारा कोरा म्हणजे बोजा नाही, एवढंच. पाण्याबद्दल तो काही सांगत नाही.

३. जलसंपदाकडे पूररेषेचे नकाशे आणि काटछेदांचा तक्ता असतो. नदीच्या लांबीवर ठरावीक अंतराने आडवे छेद घेतलेले असतात आणि प्रत्येक छेदाला साखळी क्रमांक (नदीच्या लांबीवर तो छेद किती मीटरवर आहे तो आकडा), निळी पातळी, लाल पातळी दिलेली असते. सहज मिळाला तर उत्तम. नाही तर माहिती अधिकारात जोडपत्र 'अ' भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नेमकं मागा: "गट क्रमांक अमुक, मौजे अमुक, या जागेलगतच्या वरच्या व खालच्या काटछेदांचे साखळी क्रमांक आणि तेथील निळ्या व लाल पूररेषेची समुद्रसपाटीपासूनची पातळी." "पूररेषेची माहिती द्यावी" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येतं. मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून इसार देण्याआधी अर्ज टाका.

४. दोन छेदांच्या मधली पातळी प्रमाणात काढायची. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत: साखळी ४२०० मीटरला लाल पातळी ५६६.४०, ४५०० मीटरला ५६५.८०, आणि प्लॉट ४३५० ला. म्हणजे तिथे लाल पातळी ५६६.१०. त्यावर ०.४५, म्हणजे जोतं किमान ५६६.५५. आता जमीन ५६५.२० असेल तर जोतं १.३५ मीटर उचलावं लागेल, आणि लाल पातळीच्या पुरात अंगणात ०.९० मीटर पाणी उभं राहील. सौद्याचा भाव या दोन आकड्यांवर ठरला पाहिजे.

५. जमिनीची पातळी खासगी सर्वेक्षकाकडून ऑटो लेव्हल किंवा टोटल स्टेशनने काढा, आणि अहवालात कोणत्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) पातळी आणली ते लिहून घ्या. जलसंपदाने ज्यावरून रेषा आखली त्याच बेंचमार्कवरून आणलेली सर्वांत बरी. प्लॉटचे चारही कोपरे, सर्वांत खोल जागा, समोरच्या रस्त्याचा मध्य आणि शेजारच्या नाल्याचा तळ, एवढे बिंदू हवेतच.

सर्वांत जास्त घोळ इथे होतात. मोबाइलमधली उंची किंवा गूगल अर्थची उंची वापरू नका, तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि आपला सगळा खेळ अर्ध्या मीटरचा आहे. डीजीपीएसवाल्याने (उपग्रहावरून मोजणी करणाऱ्याने) कच्ची उंची दिली तर ती समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात दोन्हींत पन्नास मीटरहून अधिक फरक पडतो. तो फरक चटकन लक्षात तरी येतो. खरा धोका असतो तो "स्थानिक पातळी १००.००" धरून केलेल्या सर्वेक्षणात. असा नकाशा लाल पातळीशी जोडताच येत नाही, तरी परवानगीच्या कागदांत तो बिनदिक्कत लावलेला दिसतो.

---

पंचवटी_०३

माहितीबद्दल आभार. एक शंका आहे. आमच्या भागात सगळे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर मोजतात. २०१६ ला आणि २०१९ ला मारुती बुडाला तरी बघत असलेल्या जागेपर्यंत पाणी आलं नव्हतं, असं शेजारी सांगतात. मग ती जागा सुरक्षित धरायची ना?

---

गोदाकाठ

नाही ताई, एवढ्यावर धरू नका.

दुतोंड्या मारुती रामकुंडाजवळची पातळी दाखवतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या लोकांना काय करायचं ते कळतं. त्या कामासाठी ती खूण मोलाची आहे. पण पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो. आनंदवल्लीची पातळी वेगळी, टाकळीची वेगळी. त्यातून पुलाला कचरा अडकला की पुलाच्या वरच्या बाजूला पाणी आणखी चढतं.

आता शक्यतेचं गणित. २५ वर्षांचा पूर म्हणजे "एकदा आला, आता २५ वर्षं निश्चिंत" असा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता ४ टक्के. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, ३० वर्षांत सुमारे ७१ टक्के. १०० वर्षांच्या पुराची ३० वर्षांतली शक्यताही सुमारे २६ टक्के निघते, म्हणजे चारात एक. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही वर्षं जुन्या नाशिककरांच्या तोंडावर आहेत. कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं ते जरूर विचारा, जुन्या भिंतींवरच्या खुणा बघा, पण त्या खुणेचीही पातळी सर्वेक्षकाकडून मीटरमध्ये काढून घ्या. आणि लाल पातळी त्याहून वर असेल तर लाल पातळीच धरा.

---

विसर्गवाला

धरणाबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो: "गंगापूर आहे, पूर अडवेल."

हिशेब बघा. गंगापूरचा साठा सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट. एक हजार क्युसेक (सेकंदाला एक हजार घनफूट) २४ तास वाहिला की ८६.४ दशलक्ष घनफूट पाणी होतं. समजा ऑगस्टमध्ये धरणात १५ टक्के जागा मोकळी आहे, म्हणजे साधारण ८४५ दशलक्ष घनफूट. त्र्यंबक-अंबोलीकडे जोर धरून ५० हजार क्युसेकची आवक सुरू झाली तर ती जागा पावणेपाच तासांत भरते. पुढे जेवढं येईल तेवढं खाली सोडण्यावाचून इलाज नाही. धरण मुख्यतः पाणी साठवण्यासाठी आहे. महिनावार परिचालन सूचीप्रमाणे काही जागा मोकळी ठेवतात, पण पावसाळा सरताना ते भरलेलंच लागतं. २००८ चा पूर सप्टेंबरातला होता, हे लक्षात ठेवा.

दुसरं असं की धरणाखालचं पाणी धरणाच्या हातात नाही. नासर्डी आणि पंचवटीतली वाघाडी या उपनद्या, शिवाय शहरातले नाले. पावसाळ्यात जलसंपदा दोन आकडे देते: गंगापूरचा विसर्ग आणि होळकर पुलाखालचा विसर्ग. नदीकाठी राहणाऱ्यांनी दुसरा आकडा बघावा. दोन्हींतला फरक म्हणजे मधल्या भागातलं पाणी. शहरातच पाऊस कोसळत असेल तर धरणाचा विसर्ग कमी असूनही पुलाखालचा आकडा वाढत जातो.

तुमच्या अंगणात पाणी येतं तेव्हा होळकर पुलाखाली किती क्युसेक होता, ही नोंद सोसायटीने फलकावर लिहून ठेवावी. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा इशारा-आकडा तयार होतो, आणि तळघरातल्या गाड्या कधी काढायच्या याचा वाद संपतो.

---

उपनगरी

नासर्डीकाठच्या रो-हाउसबद्दल विचारायचं आहे. गोदावरीपासून बरंच लांब आहे. तिथे काय बघायचं?

---

नकाशावाला

दोन गोष्टी. नासर्डी आगर टाकळीला गोदावरीला मिळते. गोदावरी फुगलेली असली की नासर्डीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबत येतं. त्याला फुगवटा म्हणतात. संगमाकडच्या भागात नासर्डीची स्वतःची पातळी आणि गोदावरीचा फुगवटा यांपैकी जी जास्त ती धरायची. वरच्या भागात फुगवट्याचा प्रश्न कमी, पण तिथे रस्त्याखालच्या मोऱ्या अरुंद आणि काठावर भराव. मोरीची उंची-रुंदी मोजा आणि पावसाळ्यात तिच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती फरक पडतो ते बघा. वरच्या बाजूला हातभर जास्त पाणी उभं राहत असेल तर मोरी अपुरी आहे.

दुसरी गोष्ट गटारांची. पूररेषा नदी पात्राबाहेर आल्यावरचं पाणी दाखवते. गटारातून उलटं येणारं पाणी त्या नकाशात नसतं. सराफ बाजारात सरस्वती नाल्यामुळे जे होतं ते याच जातीचं आहे. घरातल्या सर्वांत खालच्या मोरीची किंवा संडासाची पातळी बाहेरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल तर पाणी घरात निघणारच. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. तो मे महिन्यात उघडून साफ करावा लागतो. झडपेत चिंधी अडकली की ती अर्धवट उघडी राहते आणि व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा होतो. शिवाय झडप बंद असताना तुमचं सांडपाणीही बाहेर जात नाही, त्या काळात नळ जपून वापरा.

---

सिव्हिलकर

बांधकामाच्या बाजूने लिहितो. लोक जोतं उचलतात आणि बाकीचं विसरतात.

कंपाउंड वॉल: एका बाजूला १ मीटर पाणी उभं राहिलं की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर अर्धा टन दाब येतो. दीड मीटरला तो ११२५ किलो होतो, कारण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो. नऊ इंची विटांची सरळ भिंत याला टिकत नाही, आणि पडते तेव्हा साठलेला लोंढा एकदम आत येतो. नदीकाठी भिंतीच्या तळाशी जाळीची भोकं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी सारखं राहील. किंवा खाली दोन विटांचा थर आणि वर नुसती जाळी करा. पाणी अडवायचंच असेल तर आरसीसी भिंत आणि तिचा पाया डिझाइन करून घ्या. मधलं काही करू नका.

जमिनीखालची टाकी: ३ × ४ मीटर, २ मीटर खोल टाकी रिकामी असताना भोवतीची माती पाण्याने भरली तर २४ टनांचा उचल-दाब येतो. टाकी वर उचलली जाते, जोडनळ्या तुटतात. पुराचा इशारा आला की टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि झाकण घट्ट बसवा. सांडव्याचा पाइप आणि हवेचा पाइप लाल पातळीच्या वर न्या. नाही तर झाकण बंद असूनही त्यांतून गढूळ पाणी आत शिरतं.

वीज: मीटर पॅनल, जनरेटर, पंपाचा स्टार्टर, लिफ्टचं कंट्रोल पॅनल, इनव्हर्टरच्या बॅटऱ्या, हे सगळं लाल पातळी अधिक ०.४५ च्या वर. पार्किंगमधले दिवे आणि सॉकेट वेगळ्या सर्किटवर, स्वतंत्र आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या, म्हणजे तेवढा भाग बंद करून वरचे मजले चालू ठेवता येतात. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. खड्ड्यात पाणी शिरलं की खाली उभी असलेली केबिन गेलीच समजा.

भराव: काळ्या मातीवर थेट मुरूम ओतून वर फरशी टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात ती उचकटते. काळी माती काढा, मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून दाबा. आणि हे कळकळीने सांगतो, नदीच्या बाजूला भराव टाकून प्लॉट वाढवू नका. पाण्याची जागा तुम्ही खाल्लीत की तेवढं पाणी समोरच्या काठावरच्या कुणाच्या तरी घरात चढतं. नियमातही ते बसत नाही.

---

वाडासंस्कृती

गावठाणातल्या जुन्या वाड्यांचं काय? निळ्या रेषेच्या आत असलेले वाडे पाडले तर परत बांधता येतात का?

---

सिव्हिलकर

अधिकृत जुनी मिळकत असेल तर पुनर्विकासाला वाट आहे. लाल पातळीच्या वर ०.४५ मीटरला बांधकाम आणि जलसंपदाचा ना-हरकत दाखला, या दोन अटी. म्हणून पाडण्याआधी जुन्या बांधकामाचा पुरावा पक्का करा: मालमत्ता पत्रक, घरपट्टीचे जुने उतारे, मंजूर नकाशा असल्यास तो, आणि पाडण्यापूर्वीचं मोजमाप. पाडल्यावर पुरावा गोळा करणं फार अवघड जातं.

मोठ्या प्लॉटचा थोडाच भाग रेषेत असेल तर त्या भागाचा चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) उरलेल्या जागेवर वापरायची तरतूद आहे. आर्किटेक्टला हे नक्की विचारा. अनेक मालक तो भाग फुकट गेला असं समजून पडेल भावाने विकतात.

वाडा उभाच ठेवायचा असेल तर धोका पाणी ओसरल्यानंतरचा आहे. पांढऱ्या मातीच्या आणि मातीत रचलेल्या विटांच्या भिंती पाणी पितात, आतून मऊ होतात आणि दोन-चार दिवसांनी ऊन पडल्यावर बसतात. ओसरल्या ओसरल्या सामान काढायला आत धावू नका. भिंत फुगलेली दिसते का, तुळईखालचे खांब सरकलेत का, चौकट अडकते का, हे बाहेरून बघा. शंका असेल तर टेकू लावूनच आत जा.

---

निफाडकर

शहराखालच्या लोकांसाठी. सायखेडा-चांदोरीकडे गोदावरी आणि दारणा दोन्हींचं पाणी येतं आणि पुढे नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असतो. इथे पाणी नाशिकपेक्षा उशिरा चढतं आणि जास्त वेळ थांबतं. म्हणून फक्त गंगापूरचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका, दारणेचाही बघा. दोन्ही एकदम वाढले की रात्र जागायची तयारी ठेवा.

शेतघर बांधताना ते मळ्यातल्या सर्वांत उंच जागी घ्या, रस्ता लांब पडला तरी चालेल. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर खांबावर उंच बसवा. खत-औषधांची खोली घराच्या जोत्याच्या उंचीवरच हवी. कीटकनाशकाचे डबे वाहून विहिरीत गेले तर पाण्याचं संकट महिनोन्‌महिने राहतं.

---

विमापाटी

विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. विम्याची रक्कम पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही. जमिनीच्या किमतीचा विमा होत नाही. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, इतकं संरक्षण आपोआप मिळतं. त्याहून जास्त सामान असेल तर यादी द्या. बँकेने कर्जासोबत काढलेली पॉलिसी बहुधा फक्त इमारतीची, कधी कधी फक्त कर्जाएवढी असते. ती उघडून वाचा. लहान दुकानांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' बघता येईल, पण तळघरातला माल कुठे ठेवला आहे ते प्रस्तावात खरं लिहा.

दावा करताना: पाण्याच्या खुणेला टेप लावून फोटो, प्रत्येक खोलीचा वेगळा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. कुजायला लागला तर फोटो आणि यादी करून बाजूला काढा. तलाठ्याचा पंचनामा वेगळा, विम्याचा सर्वेक्षण अहवाल वेगळा. दोन्ही लागतात. गाडी पाण्यात उभी होती तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षणाचं जोड-कलम नसेल तर ते नुकसान नाकारलं जातं.

---

पंचवटी_०३

तळघरात पाणी भरलं तर लगेच मोठा पंप लावून उपसायचं ना? आमच्याकडे दोन पंप भाड्याने सांगून ठेवलेत.

---

सिव्हिलकर

थांबा. बाहेरचं पाणी उतरल्याशिवाय उपसू नका. आतलं पाणी भिंतींना आतून आधार देत असतं. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आत रिकामं केलं तर भिंत आत ढकलली जाते, फरशी वर उचलते. बाहेर कोरडं झाल्यावर फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर भोवतीच्या मातीतलं पाणी अजून उतरलेलं नाही, आणखी थांबा. खूण तिथेच असेल तर दिवसाला फूटभर या हिशेबाने पुढे जा. डिझेल पंप तळघराच्या आत कधीही लावू नका, त्या धुराने माणसं दगावतात. इलेक्ट्रिक पंप असेल तर वायर सांधे न देता सलग, आणि आरसीसीबीमधूनच.

गाळ ओला असतानाच फावड्याने काढा, सुकला की सिमेंटसारखा धरतो. पिण्याच्या टाक्या घासून, भरून, हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (२५ टक्के क्लोरीन असलेली) टाकून एक दिवस ठेवा आणि ते पाणी नळांतून सोडून द्या. पिऊ नका. मीटर बोर्ड भिजला असेल तर महावितरणचा माणूस आणि परवानाधारक वायरमन बघून जाईपर्यंत मुख्य स्विच चालू करायचा नाही. बुडालेले एमसीबी वाळवून परत वापरू नका, नवे बसवा.